डिग्री प्रोजेक्टची ॲनिमेशन फिल्म: ॲनिमॅटिक ५:४० चं, हातात १६ आठवडे

टूजवाला

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. टूडी, टॅबलेटवर फ्रेम-बाय-फ्रेम, २४ एफपीएस (सेकंदाला २४ फ्रेम), बहुतेक टूजवर (एक चित्र दोन फ्रेम). ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची वेळेत बसवलेली कच्ची फिल्म) ५ मिनिटं ४० सेकंद, ६१ शॉट, ३८ बॅकग्राउंड, दोन पात्रं, मराठी संवाद साधारण ५० सेकंद. ज्युरीला १६ आठवडे आहेत. काम एकट्याने, रंग भरायला शेवटी ज्युनिअर मिळतील. गाईड म्हणतात, छोटी करा. नेमकी किती आणि कुठून? आवाजाचं काम कधी सुरू करायचं? एका प्रसंगात रेडिओवर जुनं मराठी चित्रपटगीत वाजताना हवंय, ते चालेल का?

खोडरबर

आधी एक शॉट रंगासकट पूर्ण करा, मग बोला. ४ सेकंदांचा, ना सोपा ना अवघड. ४ सेकंद म्हणजे ९६ फ्रेम, टूजवर ४८ चित्रं. घड्याळ लावून रफ (कच्चं चित्र), क्लीनअप (त्यावरची स्वच्छ रेषा), रंग वेगवेगळे मोजा. समजा दर चित्राला ७, ८ आणि ३ मिनिटं लागली. १८ गुणिले ४८ म्हणजे ८६४ मिनिटं, १४ तास २४ मिनिटं. तुमचे ३४० सेकंद म्हणजे असे ८५ तुकडे: १,२२४ तास.

आता हातातला वेळ. शेवटचे ३ आठवडे कंपोझिट (पात्रं आणि बॅकग्राउंड एकत्र बसवणं), आवाज आणि दुरुस्त्यांना सोडा. उरले १३. आठवड्याला ६ दिवस, दिवसाला ८ तास धरले तर ६२४ तास. त्यात १७३ सेकंद बसतात. म्हणजे निम्मी फिल्म.

ज्युनिअर रंग भरतील म्हणून ती ३ मिनिटं वजा करू नका. समजावण्यात आणि चुकलेलं परत करण्यात ती जातातच.

शॉट नंबर सात

वरच्या हिशोबात बॅकग्राउंड राहिली. एकाला ४ तास धरले तरी ३८ ची १५२ तास. मग ॲनिमेशनला ४७२ तास, म्हणजे १३१ सेकंद. तीच खोली आरशातल्यासारखी उलटी करून किंवा जवळून वापरून बॅकग्राउंड २२ वर आणलीत तर ६४ तास सुटतात, म्हणजे जवळजवळ १८ सेकंदांचं ॲनिमेशन. जे बॅकग्राउंड जवळून वापरणार ते मुळातच मोठं काढा. दीडपट झूम असेल तर २८८० बाय १६२०, नाहीतर पडद्यावर रेषा फुटतात.

कापायचं कुठून? शॉट आखडू नका, अख्खे शॉट काढा. सगळे ६१ शॉट अर्ध्या अर्ध्या सेकंदाने कमी केले तर कागदावर ३० सेकंद वाचतात. पण कात्री लागते ती होल्डना (पात्र स्थिर असतं ते क्षण), आणि होल्डला चित्रं लागतच नाहीत. मेहनत तेवढीच राहते, फिल्मला मात्र धाप लागते.

प्रत्येक शॉटपुढे अ, ब, क लिहा. अ: पूर्ण शरीर हलतंय किंवा दोघं एकदम हलताहेत. ब: कमरेवरचं, बोलणं. क: होल्ड, वस्तू, नुसतं दृश्य. कात्री अ वर चालवा. दारातून येऊन, चालत जाऊन, खुर्चीत बसणारं पात्र सरळ बसलेलंच दाखवा. दाराचा आवाज आधीच्या शॉटवर टाका. चालण्याचे शॉट तसेही त्रासाचे. पात्र टूजवर आणि कॅमेऱ्याचा पॅन (आडवं सरकणं) वन्सवर (दर फ्रेमला नवं) असला की पाय जमिनीवर थरथरतात, मग ते चालणं वन्सवर काढावं लागतं. चित्रं दुप्पट.

आणि फिल्मच्या क्रमाने काढू नका. हात बसायच्या आधीची चित्रं सुरुवातीलाच दिसतात. मधले ब शॉट आधी, पहिला आणि शेवटचा प्रसंग वेळापत्रकाच्या मध्यावर.

ओठांची हालचाल

संवादाबद्दल. पुस्तकातला माउथ चार्ट (कोणत्या आवाजाला तोंडाचा कोणता आकार, त्याचा तक्ता) इंग्रजीसाठी असतो, तो जसाच्या तसा लावला की मराठी बोलणं डबिंगसारखं दिसतं. सगळ्यांत मोठी गडबड 'फ' ची. चार्टमध्ये तिथे वरचे दात खालच्या ओठावर असतात. 'फळ', 'फूल' नीट म्हणून बघा, ओठ मिटतात, म्हणजे 'प' चाच आकार. 'फोटो', 'फ्रेम' मध्ये बऱ्याच जणांचे दात लागतात. तेव्हा स्क्रिप्ट बघून नाही, रेकॉर्डिंग ऐकून आकार ठरवा. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च ही एक नाही: 'चहा' म्हणताना ओठ किंचित पुढे येतात, 'चमचा'त नाही.

प, ब, म चं मिटलेलं तोंड किमान २ फ्रेम दिसायलाच हवं. वाक्य वेगात असेल तर मधला एखादा स्वर खाल्ला तरी चालतो, मिटणं खाऊ नका. तोंड आवाजाच्या १-२ फ्रेम आधी उघडा. तोंड वेगळ्या लेयरवर ठेवलंत तर ८-९ आकारांत भागतं. डोकं वळलं की मात्र नवा संच लागतो, म्हणून बोलताना डोकं फिरवायची हौस शक्यतो टाळा.

फोली

आवाज 'शेवटी' नसतो. संवाद ॲनिमेशनच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा आणि फ्रिज बंद, माइकच्या मागे आणि बोलणाऱ्याच्या मागे गोधड्या. संवाद झाले की त्याच खोलीतली नुसती शांतता ३० सेकंद घ्या; वाक्यांमधल्या फटी भरायला तीच लागते.

साउंड करणाऱ्याला पिक्चर लॉक (ज्यात आता कट बदलणार नाहीत ती फिल्म) ज्युरीच्या ३ आठवडे आधी द्या. टाइमकोड (फ्रेमपर्यंतची वेळ) छापलेली फाइल, आणि पहिल्या फ्रेमच्या बरोबर २ सेकंद आधी एका फ्रेमचा 'पिप', म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायचा छोटा आवाज. लॉकनंतर एक शॉट अर्धा सेकंद जरी हलवला तरी पुढचं सगळं सरकतं. एडिटिंगचा प्रोजेक्ट २४ चाच आहे ना, ते आजच बघा. २४ ची चित्रं २५ वर चालवली तर ३ मिनिटांची फिल्म ७.२ सेकंदांनी लहान होते. २३.९७६ आणि २४ ची गल्लत जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. ३ मिनिटांच्या शेवटी ४ फ्रेमचा फरक, आणि सगळे म्हणतात लिपसिंक बिघडलंय.

गाणं: लेखी परवानगीशिवाय नको. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. मुद्रण मोकळं झालं तरी शब्द आणि चाल सुटत नाहीत. ते गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, पण कोणी लावलेली चाल आणि गायलेलं मुद्रण नाही. कॉलेजच्या ज्युरीत कोणी विचारणार नाही, महोत्सवाच्या अर्जात सही करावी लागते. त्यापेक्षा २० सेकंदांचं नवं गाणं करून घ्या. मोनो, ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३,५०० च्या वरचं कापलेलं, थोडी खरखर, वर खोलीचा घुमारा. रेडिओ झाला.

खोडरबर

रेंडर थेट व्हिडिओत काढू नका, पीएनजी सिक्वेन्स (दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल) काढा. मशीन मध्येच बंद पडलं तर तिथूनच पुढे सुरू करता येतं आणि १२ फ्रेम बदलायच्या तर १२ च काढाव्या लागतात. शॉटचे नंबर १०, २०, ३० असे, म्हणजे मध्ये नवा घुसवता येतो. प्रीमिअर किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये देवनागरी श्रेयनामावलीची जोडाक्षरं तुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा.

थिएटरसाठी डीसीपी (तिथल्या प्रोजेक्शनला लागणारं फिल्मचं डिजिटल पॅकेज) डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. १९२० पिक्सेल रुंदीची फिल्म फ्लॅटच्या (डीसीपीचा एक ठरलेला आकार) १९९८ मध्ये बसवली की दोन्ही कडांना ३९ पिक्सेल काळी पट्टी येते. ती येऊ द्या, ताणू नका. आणि यूट्यूबवर घाईने टाकू नका. आधी सगळ्यांसाठी खुली केलेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत, पासवर्डची लिंक ठेवा.

टूजवाला

अ मधले १४ शॉट काढले, आणखी काही जोडले. आता ३:०५, त्यातले ५० सेकंद होल्ड आणि नुसती दृश्यं. बॅकग्राउंड २१. एक प्रश्न उरला: शेवटचे ४० सेकंद पाऊस आहे. हाताने काढायचा का?

शॉट नंबर सात

हातानेच, पण लूप. दोन लेयर: जवळचा जाड आणि वेगवान, लांबचा बारीक आणि मंद. दोन्ही ८-८ चित्रांचे केलेत तर ठेका लगेच कळतो. एक ७ चित्रांचा, दुसरा ९ चा करा. जोडी ६३ चित्रांनंतर जुळते, टूजवर १२६ फ्रेम, म्हणजे सव्वापाच सेकंद. तेवढ्यात मधला एखादा शॉट बदललेला असतो. एकूण १६ चित्रं.