मिनिएचर म्हणजे 'लहान' नाही, मग 'लघुचित्र' का म्हणायचं?

शेंदरी: माझं मत स्पष्ट आहे, कलेवर लिहिताना तरी जुन्या दरबारी आणि पोथ्यांतल्या चित्रांना, इंग्रजीत ज्यांना मिनिएचर म्हणतात त्यांना, 'लघुचित्र' म्हणणं सोडून द्यावं. मिनिएचरचं मिनिमम, मायनरशी काही नातं नाही. लॅटिनमध्ये मिनियम म्हणजे शेंदूर, शिशाचा, आपण मारुतीला फासतो तसा. युरोपात हस्तलिखितं त्या रंगाने सजवायचे, त्यावरून इटालियनमध्ये मिनियातुरा आलं, आणि पोथीतली चित्रं बारकी असायची म्हणून पुढे लोकांनी अर्थच 'छोटं' असा लावून टाकला. आपण त्या गैरसमजाचं भाषांतर केलं! अकबराने करवून घेतलेला हमझानामा, म्हणजे अमीर हमझाच्या साहसकथांचा सचित्र ग्रंथ, त्यातली चित्रं कापडावरची, दोन फुटांहून उंच. ती लघु कशी काय?

तिळगूळ: अजिबात पटलं नाही. तेल शब्द तिळावरून आला, म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणायचं नाही का? शाई म्हणजे मुळात काळी, तरी आपण लाल शाई म्हणतोच ना. आज इंग्रजीत मिनिएचर म्हणजे मोठ्या वस्तूचं छोटं रूप, मिनीबस-मिनीस्कर्टमधला मिनी पण त्याचाच तुकडा. वापरणारे म्हणतील तोच अर्थ.

शेंदरी: पण तेल म्हटल्यावर कोणी तेलाला कमी लेखत नाही हो. 'लघु' म्हटलं की माणूस लांबूनच बघून पुढे जातो.

नगरी: शेंदरींशी सहमत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही'ची, म्हणजे हुसेन निजामशहाची स्तुती करणाऱ्या फारसी काव्याची पोथी आहे, अहमदनगरच्या निजामशाहीची, १५६५ च्या तालिकोट लढाईच्या सुमाराची. त्यातल्या एका चित्रात बाईच्या स्पर्शाने झाड फुलतंय, आणि काही चित्रांत राजाशेजारची राणी नंतर कोणीतरी पुसून टाकलीय. एवढा इतिहास एका पानात, त्याला लघु काय म्हणता? सरळ पोथीचित्र म्हणा.

तिळगूळ: आणि रागमालेच्या, म्हणजे संगीतातल्या रागांवर काढलेल्या चित्रांच्या, सुट्या पानांचं काय करणार? पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांतली, चित्रं तर कितीतरी सुटीच काढलेली, त्यांना कुठली पोथी? शिवाय लघु म्हणजे हलकं हे तुम्ही ठरवलंत. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने पापणीचा एकेक केस काढलाय, ते दिसायला चित्र हातात धरून डोळ्याजवळच न्यावं लागतं, म्हणजे लहानपण हाच त्याचा गुण झाला. हमझानामा अपवाद आहे, त्याला मोठं म्हणा की, माझी काही हरकत नाही.

शेंदरी: अपवाद म्हणून सोडून द्यायला ती काय दोन-चार पानं होती? चौदाशेच्या आसपास चित्रं होती. मी आपली मुघल चित्र, पहाडी चित्र, दख्खनी चित्र असंच लिहिणार, आकार खाली सेंटिमीटरमध्ये देईन.