मदत हवी आहे: नवीन सदस्यांना झोनिंग शिकवताना 'सवलती'चा भाग कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

स्थानिक संस्थेत नव्याने निवडून आलेले सदस्य आणि तिथले कर्मचारी यांच्यासाठी नगरनियोजनाचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. पहिला भाग जमतो. उंच इमारतींमुळे रस्त्यावर उजेड-वारा येईना, म्हणून न्यूयॉर्कने १९१६ साली झोनिंगचे, म्हणजे शहराच्या कोणत्या भागात काय आणि किती बांधायचं याचे, नियम केले, हे सांगितलं की नियमामागचं कारण लगेच कळतं. एफएसआयचंही (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो निर्देशांक) तसंच. भूखंड ५०० चौरस मीटर आणि निर्देशांक १ असेल, तर २५० चौ.मी.चे दोन मजले बांधा किंवा १२५ चे चार, बांधकाम तेवढंच. फळ्यावर चौकोन काढले की 'एफएसआय म्हणजे मजले' हा गैरसमज तिथल्या तिथे जातो.

अडतं ते नियमातून सवलत मागणाऱ्या अर्जापाशी. समजा बाजूला ३ मीटर सामासिक अंतर (भूखंडाची हद्द आणि इमारत यांमधली मोकळी जागा) सोडायचं आहे आणि अर्जदार दीडच सोडू म्हणतो. लगेच चर्चा सुरू होते ती माणसावर: स्वभावाने कसा आहे, घरात माणसं किती, शेजारी काही बोलला का. जमिनीचा आकार किंवा उतारच असा आहे का, की नियम पाळून तिथे बांधताच येणार नाही, हे कुणी विचारत नाही. घर उद्या विकलं तरी ती भिंत तिथेच राहणार. हे नुसतं सांगून पटत नाही. अर्जदाराबद्दल वाटणारी कणव खोटी नसते, त्यामुळे ती झटकून टाका असंही म्हणवत नाही. कुणी असा सराव घेतला आहे का? शिवाय अर्जदार सदस्याचा नातेवाईक असेल तर काय, हा विषय कुणाला न दुखावता कसा काढावा?

प्रतिसाद:
एकच काल्पनिक अर्ज दोन गटांना द्या. एका गटाला फक्त नकाशा आणि मोजमापं, दुसऱ्याला त्यासोबत अर्जदाराची करुण कहाणी. मत देण्याआधी कारणं लेखी घ्या: नियम कोणता, अडचण जमिनीची की माणसाची, शेजारच्या घराच्या उजेडावर परिणाम काय. मग दोन्ही कागद शेजारी लावून मोठ्याने वाचा. तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

नात्यागोत्याचा विषय सुरुवातीलाच, सगळ्यांना लागू असलेला नियम म्हणून सांगा. हितसंबंध असेल तर आधी जाहीर करायचा आणि त्या विषयापुरतं चर्चेतून आणि मतदानातून बाहेर राहायचं. अर्ज समोर आल्यावर सांगितलंत तर ज्याच्या त्याच्या मनाला लागेल.