चांगली बातमी सांगितली की प्रेक्षक गार पडतात. काय करू?

हिशेबनीस: दिवसा खातेवह्या, रात्री ओपन माइक (कुणीही स्टेजवर चढून विनोद करून बघायचा कार्यक्रम). मिळतात पाच मिनिटं, त्यात हवामानबदलावर सेट बांधलाय. 'आपण सगळे बुडणार' म्हटलं की टाळ्या पडतात. पण परवा सांगितलं, 2010 ते 2019 मध्ये सौरऊर्जेचा खर्च 85 टक्क्यांनी उतरला, तर तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांच्या तोंडावर मोबाइलचा निळा उजेड पडला. बातमी खोटी नाही, मी कंटाळवाणा नाही (बायको साक्षीदार आहे, पण ती उलटतपासणीत टिकणार नाही). मग अडतंय कुठे?

विंगेतली: टक्केवारी ही बातमी झाली, विनोद कुठाय? बातमीवर नका हसवू, ती आपल्यापर्यंत पोचलीच नाही यावर हसवा. माझा ओझोनचा तुकडा असा आहे: "भोक पडलं तेव्हा शाळेत निबंध लिहायला लावला. बुजायला लागलं तेव्हा कुणी साधं कळवलंसुद्धा नाही!" हशा आला की मगच 1987 चा माँट्रियल करार. जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केला, ओझोन खाणारी रसायनं बंद होत गेली. अंटार्क्टिकावरचं भोक 2066 च्या सुमाराला बुजेल असा अंदाज आहे. "म्हणजे माझ्या गृहकर्जाच्या आधी." इथे दुसरा हशा. आकडा हशाच्या पाठीवर बसून गेला पाहिजे, पुढे चालला की मेलात.

उलटा फ्रिज: मी हीट पंप बसवतो, म्हणजे विजेवर घर गरम करणारं यंत्र. एक युनिट वीज घाला, साधारण तीन युनिट उष्णता घ्या, असं सांगितलं की लोक दामदुप्पटवाल्याकडे बघावं तसं बघतात. तोच चेहरा स्टेजवर करा! मग खुलासा: यंत्र उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतं. फ्रिज आतली काढून मागे टाकतो ना, तेच. जगबुडीवरचा उपाय इतकी वर्षं स्वयंपाकघरात घुं घुं करत उभा होता आणि आपण त्याच्यावर चुंबकं चिकटवत होतो.

खडूस: हसून लोक घरी जातील, वाटेल मिटलं सगळं. हवेतला कार्बन डायऑक्साइड 1958 मध्ये 315 पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे इतके) आसपास होता, आता 420 च्या वर आहे.

विंगेतली: 420! अहो, आयता पंच हातात देऊन वर तक्रार करताय? हिशेबनीस, घ्या हा. खडूसरावांचं म्हणणं सेटमध्ये राहू द्याच, नाहीतर जाहिरात वाटेल.

हिशेबनीस: काल करून आलो. सुरुवात 420 नं केली, मोठा हशा. मग ब्रिटन: सार्वजनिक वीज देणारं कोळशाचं पहिलं केंद्र लंडनमध्ये 1882 साली, देशातलं शेवटचं बंद 30 सप्टेंबर 2024 ला. "142 वर्षं! आमच्याकडे निरोप घेऊन दारात उभे राहणारे पाहुणे याहून जरा लवकर जातात." इथे खुर्च्या हलल्या. फ्रिज मात्र साफ पडला, घुं घुं मला जमत नाही. कुणाला जमत असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, मंगळवारी पुन्हा पाच मिनिटं आहेत.