शब्दचर्चा : संप्रेरकांचं 'असंतुलन' की 'चढउतार'?

प्रश्न : मुलींसाठी एक माहितीपुस्तिका लिहिते आहे. तिच्यात 'लैंगिक संप्रेरकांच्या असंतुलनामुळे पाळीच्या आधी मेंदूवर परिणाम होतो' असं वाक्य आलंय. 'असंतुलन' खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद १ : खटकायलाच हवं. असंतुलन म्हणजे तोल जाणं, बिघाड. इथे बिघडलेलं काहीच नसतं. पाळी सुरू होते तेव्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं (हॉर्मोन्स) कमी असतात. मग इस्ट्रोजेन चढतं, बीज बाहेर पडण्याच्या जरा आधी शिखर गाठतं आणि झपाट्याने उतरतं. पुढच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉनची पाळी. त्याच्याबरोबर इस्ट्रोजेनही थोडं वर येतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही घसरतात, आणि त्या घसरणीमुळेच स्राव सुरू होतो. ज्याच्यामुळे चक्र चालतं त्यालाच बिघाड कसं म्हणणार? ओहोटीला आपण समुद्राचं असंतुलन म्हणत नाही. 'चढउतार' लिहा.

प्रतिसाद २ : सहमत, आणि माझ्या मते हा नुसता शब्दाचा प्रश्न नाही. पाळीआधी मला टोकाची निराशा यायची. रक्त तपासलं, सगळं 'नॉर्मल' आलं. 'संप्रेरकं संतुलित आहेत, म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही' असं ऐकून घरी परतले. प्रत्यक्षात असा तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातली पातळी बहुधा इतरांसारखीच असते. वेगळा असतो तो मेंदूचा प्रतिसाद. प्रोजेस्टेरॉनपासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं. ते मेंदूतल्या 'गाबा' ग्राहींवर, म्हणजे मेंदूला शांत करणारं 'गाबा' हे रसायन जिथे पकडलं जातं त्या जागांवर, काम करतं. झोपेच्या कित्येक गोळ्याही तिथेच काम करतात. एरवी त्याने शांत वाटावं, पण काहीजणींना त्याच्या चढउताराने उलट चिडचिड आणि अस्वस्थता येते. या तीव्र त्रासाला पीएमडीडी म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून तो स्वतंत्र विकार म्हणून नोंदला आहे. म्हणून 'असंतुलन' नको. 'संवेदनशीलता' हा शब्द मात्र कुठेतरी हवाच.

प्रतिसाद ३ : 'मेंदूवर परिणाम होतो' हेही बदला. मराठीत 'डोक्यावर परिणाम झालाय' याचा अर्थ काय होतो ते आपण सगळेच जाणतो. 'मेंदूच्या कामात बदल होतात' हे नेमकं. बदल होतात हे खरंच आहे. 1990 साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं, की त्यांच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागातल्या चेतापेशींवरचे, दुसऱ्या पेशींशी जोडणी करणारे सूक्ष्म काटे इस्ट्रोजेनबरोबर वाढतात आणि कमी होतात. माणसात मात्र अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर स्मरणशक्ती किंवा आकलन पाळीच्या दिवसांप्रमाणे ठामपणे वरखाली होताना दिसत नाही. मुलींनी परीक्षेच्या आधी हे वाचलेलं बरं.

'लैंगिक' शब्द परिभाषेत चूक नाही, पण वाचणारीच्या मनात भलताच अर्थ येतो. 'स्त्री-संप्रेरकं'ही नको, कारण पुरुषांच्या मेंदूतही टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनतं. 'बीजकोशातून स्रवणारी संप्रेरकं' लिहा.

'संप्रेरक' शब्द मला फार आवडतो. 'हॉर्मोन' हे नाव 1905 साली इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी ग्रीक 'चालना देणे' या क्रियापदावरून रूढ केलं. आपला शब्दही तेच सांगतो. 'इस्ट्रोजेन' मात्र तितकं भाग्यवान नाही. त्यातला 'ओइस्ट्रोस' म्हणजे गुरांना चावून सैरावैरा पळवणारी माशी, आणि त्यावरून उन्माद. जनावरं माजावर येण्याशी जोडून ते नाव पडलं.

मूळ प्रश्नकर्ती : सर्वांचे आभार. नवं वाक्य असं केलंय : 'बीजकोशातून स्रवणाऱ्या संप्रेरकांच्या चढउतारांनुसार मेंदूच्या कामात बदल होतात, काहीजणींचा मेंदू या बदलांना अधिक संवेदनशील असतो.'

प्रतिसाद २ : याच्यापुढे एक वाक्य जोडाल? 'रक्ततपासणी नॉर्मल आली तरी त्रास खरा असू शकतो.'