गेम मास्टरला मराठीत काय म्हणायचं?

गेली चार वर्षं दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर रोलप्लेइंगचा डाव बसतो. एकजण गोष्टीतलं जग सांभाळतो, बाकीचे त्या जगात एकेक पात्र होऊन वावरतात आणि काय जमलं, काय फसलं ते फासे ठरवतात. सगळा डाव मराठीत, पण जग सांभाळणाऱ्याला मात्र आम्ही ‘जीएम’च (गेम मास्टर) म्हणतो. त्याला बोलताना सहज तोंडात बसेल असा शब्द हवा आहे.

मुळातही त्याला एकच एक नाव नव्हतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा नियमांत ‘रेफरी’ होता. हा खेळ युद्धखेळांतून निघालेला, आणि तिथे १८२४ च्या प्रशियन ‘क्रीगस्पील’पासून पंच असतोच. ‘डंजन मास्टर’ मागाहून रुळला. मग ‘कॉल ऑफ थुलू’मध्ये (१९८१) तो ‘कीपर’ झाला, ‘व्हँपायर: द मास्करेड’मध्ये (१९९१) ‘स्टोरीटेलर’, ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) ‘एमसी’, म्हणजे कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. ज्याने त्याने त्या माणसाचं काम काय मानलं, ते नावातच दिसतं. आपणही कामाकडे बघूनच शब्द निवडू.

प्रतिसाद: सूत्रधार! इतका चपखल शब्द हाताशी असताना शोधायचं काय?

प्रतिसाद: मला ‘पंच’ आवडेल. छोटा आहे, लहान मुलांनाही कळतो, आणि तुम्हीच म्हणता तसा मूळ शब्दाच्या जवळचा आहे.

मूळ लेखक: पंच कुणाच्याच बाजूने खेळत नाही. आमच्याकडे तोच राक्षस होतो, तोच चहावाली म्हातारी होते, आणि निकालही तोच देतो. त्यामुळे पंच अपुरा पडतो.

सूत्रधार मीही वर्षभर वापरून पाहिला. संस्कृत नाटकात सूत्रधार प्रस्तावना करून आत जातो, पुढचं नाटक पात्रांचं. आमचा माणूस शेवटपर्यंत जागेवरून हलत नाही. वर्तमानपत्रांनी ‘कटाचा मुख्य सूत्रधार’ करून ठेवलाय ते निराळंच. पण माझी खरी अडचण सूत्राशी आहे. दोऱ्या आपल्या हातात आहेत असं एकदा वाटायला लागलं की माणूस खेळाडूंना वेसण घालतो. त्यांनी जंगलात जायचं ठरवलं तरी त्यांना किल्ल्याकडेच ओढतो, कारण तयारी किल्ल्याची केलेली असते. हे माझ्याकडून झालंय, आणि त्या दिवशी समोरच्यांचे चेहरे हळूहळू पडत गेलेले मी पाहिलेत.

प्रतिसाद: मी सिंधुदुर्गातली. आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि सोंग कुणाचं कुठलं एवढं ठरतं, संवाद रंगमंचावरच उभे राहतात. तुमचा खेळ मला त्याच जातीचा वाटतो. माणसाला काय म्हणायचं ते सुचत नाही, पण डावात खेळायच्या गोष्टीला ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात, त्याला ‘आख्यान’ म्हणून बघा.

मूळ लेखक: ताई, ‘आख्यान’ आजपासून घेतला. प्रसंग, माणसं, कुणाला काय हवंय एवढं ठरवायचं आणि बोलणं टेबलावर सोडायचं, ही तयारीची रीतही त्या एका शब्दात आली.

तुमच्या प्रतिसादावरून वाटलं, आपण उगाच उंच फळीवरचे डबे उघडत होतो. शब्द गल्लीतच आहेत. लपाछपीत म्हणतो ना, ‘आज राज्य कुणावर?’ एकजण एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे, आणि त्या एकाशिवाय खेळ सुरूच होत नाही. जीएमचंही तेच आहे. ‘या रविवारी राज्य माझ्यावर’ हे मी घरी म्हणून पाहिलं, कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

मग बाकीचेही शब्द आपोआप आले. नवखा खेळाडू ‘कच्चा लिंबू’, त्याला पहिले दोन डाव नियमांत सूट. एखादा प्रसंग कुणाला सोसेनासा झाला तर परदेशी मंडळी टेबलावर फुलीचं कार्ड ठेवतात, त्याला हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता सोडून द्यायचा. आमच्याकडे ‘टॅम्प्लीज’ म्हणतात. लहानपणी टॅम्प्लीज म्हटल्यावर कुणी का विचारत नसे, तसंच इथेही विचारायचं नाही.

जीएमच्या पुढ्यात उभा करतात त्या पुठ्ठ्याच्या पडद्याला आम्ही ‘आडोसा’ म्हणतो. माझा जुन्या कॅलेंडरचा आहे. आतल्या बाजूला दहा नावं लिहिलेली असतात, गोदाक्का, धोंडू, इब्राहिम तांबट अशी. खेळाडू रस्त्यावरच्या कुणालाही नाव विचारतात आणि आयत्या वेळी एकही सुचत नाही. वापरलेल्या नावावर काट मारून पुढे काय झालं ते लिहायचं. ही यादी मला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

प्रतिसाद: आणि ‘रोल’?

मूळ लेखक: दान. फासे टाकायचे, दान पडतं. हा शब्द सारीपाटापासून आहेच. मात्र दान केव्हा मागायचं ते मला भाचीने शिकवलं. अकरा वर्षांची आहे. आख्यान एका पडक्या वाड्याचं होतं, माजघरात चोरदार. मी म्हटलं, वीस बाजूंचा फासा टाक, दार सापडायला निदान बारा हवेत. पडले तीन. दुसऱ्याने टाकला, सात. तिसऱ्याने, नऊ. सगळे माझ्याकडे बघत बसले, कारण गोष्ट त्या दारापलीकडेच होती. तिने फासा मुठीत धरून विचारलं, ‘मामा, दान नाही पडलं तर दार नाहीसं होतं का?’

तेव्हापासून दार सापडतंच. दान पडलं तर ते आवाज न होता उघडतं, नाही पडलं तर बिजागरी करकरते आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी जागं होतं. ‘नाही पडलं तर काय?’ याचं उत्तर माझ्याकडे नसेल तर मी फासा टाकायला सांगतच नाही.

प्रतिसाद: राज्य पटलं, पण एक शंका. गल्लीत राज्य नकोसं असतं. ज्याच्यावर येतं तो ते दुसऱ्यावर ढकलायला बघतो.

मूळ लेखक: शंका रास्त आहे, आणि शब्दातला तो अर्थ मला हवाच आहे. बऱ्याच टोळक्यांत एकाच माणसावर वर्षानुवर्षं राज्य राहतं. तयारी त्याची, खाऊ त्याचा, सगळ्यांच्या तारखा जुळवणं त्याचं, आणि एक दिवस तो थकून डाव बंद करतो. राज्य म्हटलं की ते फिरणार हे गृहीत असतं.

येत्या रविवारी आमच्याकडे राज्य भाचीवर आहे. नकाशा तिने काढलाय, आडोसाही स्वतःचा केलाय, आणि आत काय लिहिलंय ते मला बघू देत नाही.