'पोस्ट-पंक'ला मराठीत काय म्हणायचं?

बेसूर_बास: जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पोस्ट-पंकपाशी, म्हणजे पंक रॉकमधून निघालेल्या त्यांच्या संगीतप्रकाराच्या नावापाशी, गाडी अडलीये. 'पंकोत्तर' लिहिलं तर आई विचारते चिखलानंतर काय उगवतं रे, कमळ का? बरा शब्द सुचवा कोणीतरी.

खरखर_टेप: आई बरोबर आहेत, हाहा. पण चिखलाचं सोड, खरी गोची 'उत्तर'ची आहे. साठोत्तरी, स्वातंत्र्योत्तर म्हटलं की डोकं थेट सालाकडे जातं, आणि इथे साल लावून भागतच नाही. गायक जॉनी रॉटन जानेवारी १९७८ मधे सेक्स पिस्टल्स या पंक बँडमधून बाहेर पडला आणि त्याच वर्षी पब्लिक इमेज लिमिटेड हा नवा बँड काढला, त्यातल्या जाह वॉबलचा बास गिटार सरळ डब-रेगेतून, म्हणजे जमैकन संगीतातून आलेला, पण तेव्हा साधं धडाधड पंक वाजवणारे काय घरी बसले होते का, यूके सब्ज हा पंक बँड तर १९७९ मधे चार्टवर होता. म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालू.

मधली_सुट्टी: 'पंकपश्चात' कसं वाटतं?

खरखर_टेप: मृत्युपत्रातलं वाटतं.

बेसूर_बास: बरं पण मग पंककडून यांनी घेतलं काय नक्की? आवाज तर सारखा नाहीये.

खरखर_टेप: हिंमत घेतली. ४ जून १९७६, मँचेस्टरचा लेसर फ्री ट्रेड हॉल, बझकॉक्स बँडच्या डेव्होटो आणि शेलीने पिस्टल्सना बोलावलं होतं, माणसं मोजकीच. त्यात पुढे जॉय डिव्हिजन काढणारे बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते, हुकने लगेच बास विकत घेतला, वाजवता येत नव्हता तरी. पुढे त्याचा अँप इतका फालतू की समनरच्या गिटारपुढे खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू यायचे नाहीत, म्हणून तो वरच्या पट्ट्यांवर वाजवायला लागला आणि बासच गाण्याची चाल धरायला लागला. जॉय डिव्हिजन आधी वॉर्सॉ नावाने वाजवायचे, तेव्हाची रेकॉर्डिंग ऐक, सरळ पंक आहे. १९७९ च्या 'अननोन प्लेझर्स' अल्बमपर्यंत वेग उतरला, मधे मोकळी जागा आली. आज कुठल्याही नव्या बँडचा बास वर चढून गायला लागला की मला तो भंगार अँप आठवतो.

मधली_सुट्टी: आणि वायर या बँडला कुठे टाकायचं? त्यांचा 'पिंक फ्लॅग' अल्बम १९७७ चा, एकवीस गाणी पस्तीसेक मिनिटांत, म्हणजे पंकच ना. पण त्यातलं एक गाणं मायनर थ्रेट बँडने उचललं आणि दुसरं आर.ई.एम.ने १९८७ मधे वाजवलं, आणि इलास्टिका बँडच्या 'कनेक्शन' गाण्याचा रिफ (गिटारची परतपरत येणारी धून) इतका जवळचा निघाला की प्रकरण कोर्टाबाहेर मिटवावं लागलं. एकाच रेकॉर्डमधून हार्डकोर, कॉलेज रॉक आणि ब्रिटपॉप असे तीन प्रकार!

खरखर_टेप: म्हणूनच म्हणतो, प्रत्येकाने वेगळं काहीतरी उचललंय. तसंच गँग ऑफ फोर, लीड्सचा पोस्ट-पंक बँड. त्यांच्या अँडी गिलने रेड हॉट चिली पेपर्सचा १९८४ चा पहिला अल्बम प्रोड्यूस केला, आता पेपर्सना पोस्ट-पंक म्हणशील का? नाही ना. तो झाला प्रभाव.

बेसूर_बास: मग काय लिहू शेवटी?

खरखर_टेप: 'पोस्ट-पंक'च ठेव रे बाबा, रॉकचं कुठे भाषांतर करतोस. पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य टाक, की पंकचा बेधडकपणा ठेवून डब, फंक, सिंथ असं काहीही त्यात घालणारे बँड. आणि इंटरपोल, फ्रँझ फर्डिनांड हे बँड आले तर पुढे 'रिव्हायव्हल' जोड, ती पोरं २००० नंतर गाजली, नाहीतर वाचणारा त्यांना जॉय डिव्हिजनचा गायक कर्टिस याच्या काळातले समजायचा.

मधली_सुट्टी: मी तरी गुपचूप 'पंकज' वापरणार.