नऊ हजारांचा जुना ट्रेलर घेऊन मेहुण्याला ड्राइव्हवेत ठेवायचं? थांबा जरा

अनु_ह्यूस्टन
परवा शुगरलँडकर यांनी लिहिलं की मेहुण्याची नोकरी गेली, अपार्टमेंटची लीज संपतेय, म्हणून 2013 चा सत्तावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर) नऊ हजार डॉलरला मिळतोय तो घेऊन ड्राइव्हवेत लावायचा, सहा-आठ महिने तो राहील आणि मग त्याच भावात विकून टाकू. खाली वीसेक लोकांनी 'मस्त आयडिया' लिहिलं. मला ते वाचून झोप लागली नाही, कारण अगदी हेच मी केलंय.

2017 साली हार्वे वादळात माझ्या दिरांचं मेयरलँडमधलं घर बुडालं, 2015 ला पण बुडालं होतं. हॉटेलं फुल, भाडी आभाळाला टेकलेली, म्हणून आम्ही घाईघाईत जुना ट्रेलर घेतला. बघायला गेलो तेव्हा आत रूम फ्रेशनरचा इतका वास की डोकं दुखलं, आणि आम्हाला वाटलं, वा, माणसं किती टापटीप आहेत! दोन आठवड्यांनी जाऊबाई म्हणाल्या की पलंगाच्या कोपऱ्यात पाय टाकला की खाली जातोय. गादी उचलली, खालची फळी काढली, तर कोपऱ्यातलं प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. बोटाने उकरलं तर काळा ओला भुगा हातात आला. वर छतावर जाऊन बघितलं तर जुन्या पिवळ्या सीलंटवर नवं कोरं पांढरं सिलिकॉन फासलेलं. म्हणजे विकणाऱ्याला सगळं माहीत होतं.

ट्रेलर जातो तो पाण्याने. इंजिन नाही की मायलेज नाही, बघायचं ते छत, खिडक्यांचे कोपरे आणि फरशी, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही, सगळे टीव्ही आणि फ्रिज बघतात. फायबरग्लासच्या भिंतीकडे तिरक्या उन्हात बाजूने बघा, फुगवटा दिसला की आतलं प्लाय सुटलंय समजा, ते दुरुस्त करायचा खर्च ट्रेलरच्या किमतीएवढा जातो. आम्ही एप्रिलमध्ये विकला, निम्मे पैसे पण आले नाहीत.

शुगरलँडकर
ताई, तुम्ही पूर आल्यावर घाईत घेतला, मी आरामात बघून घेतोय. तुमचा अनुभव वाईट म्हणून सगळेच ट्रेलर कुजके का? इथे एक बेडरूमचं भाडं बघा, आठ महिन्यांत ट्रेलरपेक्षा जास्त होतं. आणि नोकरी नसलेल्याला लीज कोण देतंय? मलाच कोसाइन, म्हणजे जामीन म्हणून सही, करावी लागेल.

कडूलिंब
शुगरलँडमध्ये राहता आणि एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, नाव पण काढत नाही? ह्यूस्टनला झोनिंग (कुठल्या जागेचा काय वापर करायचा याचे शहराचे नियम) नाही म्हणून लोक फार छाती फुगवतात, पण डीड रिस्ट्रिक्शन्स, घराच्या कागदांतल्या अटी, वाचा एकदा. आमच्याकडे ट्रेलर चोवीस तासांच्या वर रस्त्यावरून दिसला की पत्र. मला तर तुळशीवृंदावनावरून पत्र आलं होतं, पुढच्या अंगणात 'परवानगी नसलेली रचना' म्हणून! त्याच गल्लीत एकाकडे दगडाची तीन हरणं आहेत, ती चालतात. मी फोटो काढून मीटिंगला गेलो, दोन तास भांडलो, शेवटी तुळस मागे न्यावी लागली. तुमचा सत्तावीस फुटी डबा तीन दिवस टिकणार नाही तिथे.

शुगरलँडकर
आमच्या बोर्डावर ओळख आहे, बोलून घेईन.

कडूलिंब
ओळख तोंडी असते, दंड लेखी येतो. लेखी घ्या.

प्लंबर_नाही_पण
एचओए राहू दे बाजूला, मूळ मुद्दा बघा. ड्राइव्हवेत तीस अँपचं आउटलेट आहे का? इथल्या 120 व्होल्टला 30 अँप म्हणजे सगळे मिळून 3600 वॅट. छतावरचा 13,500 बीटीयूचा एसी चालू, त्यात पाणी तापतंय आणि वर मायक्रोवेव्ह लावला की ट्रिप. जुलैत ह्यूस्टनच्या उन्हात तो एक एसी दुपारी तीनला हात टेकतो. गॅरेजच्या साध्या प्लगला लांब एक्स्टेन्शन लावून तर अजिबात चालवू नका, वायर वितळलेली मी डोळ्यांनी बघितली आहे.

आणि संडासाची टाकी. ती कुठे रिकामी करणार? लोक काय करतात, पाइप क्लीनआउटला (घराच्या गटाराच्या बाहेरच्या तोंडाला) जोडतात आणि व्हॉल्व उघडाच ठेवतात. पाणी वाहून जातं, बाकीचं मागे राहतं, थर चढत जातो आणि दोन महिन्यांनी दगड होतो. व्हॉल्व बंद ठेवायचा, टाकी भरत आली की एकदम सोडायची, मग आंघोळ-भांड्यांचं वापरलेलं पाणी त्यात सोडायचं, म्हणजे पाइप धुतला जातो. हे मेहुण्याला कोण सांगणार?

मावशी_डॅलस
अहो, व्हॉल्व आणि अँप काय चाललंय मगापासून! बायकोचा सख्खा भाऊ, पडत्या काळात दाराशी आलाय, आणि त्याला अंगणात डब्यात ठेवायचं? घरात चार बेडरूम असतील ना? आमच्या लहानपणी चाळीत दहा बाय बाराच्या दोन खोल्यांत आम्ही सात जणं आणि वर गावाहून शिकायला आलेला आतेभाऊ चार वर्षं. कुणी त्याला गॅलरीत तंबू ठोकून दिला नाही. इथे आल्यावर मनं एवढी कशी आखडतात?

शुगरलँडकर
मावशी, तुम्हाला आमच्या घरातलं काहीही माहीत नाही. एका खोलीत माझी आई, एकीत दोन मुली, एकीत आम्ही, चौथीत मी घरून काम करतो. आणि मेहुणा पंचेचाळीसचा आहे, विद्यार्थी नाही. न विचारता मनं मोजू नका.

मावशी_डॅलस
ऑफिस डायनिंग टेबलवर हलवता येतं. माणूस अंगणात हलवता येत नाही. बोलले ते बोलले.

अनु_ह्यूस्टन
मावशी, मी ट्रेलरच्या विरोधात आहे तरी हे मला पटत नाही. चाळीतल्या त्या आतेभावाला कुणी विचारलं होतं का त्याला कसं वाटायचं? माझे दीर पहिले तीन आठवडे आमच्या घरात होते. रोज पहाटे उठून सोफ्यावरची चादर घडी करून लपवायचे, आम्हाला दिसू नये म्हणून. ट्रेलर कुजका निघाला तरी तिथे गेल्यावर ते पहिल्यांदा पोटभर झोपले.

केटीचा_पाहुणा
सहसा लिहीत नाही, पण इथे सगळे मेहुण्याबद्दल बोलताय आणि मेहुणा कुणीच नाही, म्हणून लिहितो. मी राहिलोय. घटस्फोटानंतर 2020 च्या ऑक्टोबरपासून सात महिने, केटीला चुलतभावाच्या मागच्या अंगणात, चोवीस फुटी जुन्या ट्रेलरमध्ये. घरात जागा होती, वहिनीने तीनदा विचारलं. मी नको म्हटलं. मला रात्री दोनला उठून चहा करायचा होता, कधीकधी रडायचं होतं, आणि सकाळी कुणी 'झोप झाली का' विचारायला नको होतं. स्वतःचं दार हवं होतं, त्याला कडी आतून.

त्रास होताच. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाणी ओघळायचं, गादीखाली बुरशी धरली, मग डीह्युमिडिफायर आणला आणि भात भावाच्या घरी लावायला लागलो. पाणी तापवायची टाकी सहा गॅलनची, म्हणजे अंगाला साबण लावताना नळ बंद.

पण 2021 च्या फेब्रुवारीतली थंडी आठवा. भावाच्या अख्ख्या घराची वीज गेली, आत चाळीस फॅरनहाइट. माझी फर्नेस प्रोपेनवर, पंखा बारा व्होल्टच्या बॅटरीवर. ती दोन रात्री भाऊ, वहिनी आणि दोन पोरं माझ्या डब्यात झोपली, जेवायच्या कोपऱ्यातलं टेबल पाडून त्याचा पलंग करून. बॅटरी उतरली की भाऊ बाहेर जाऊन ट्रक सुरू करून जंपर लावायचा. त्या आठवड्यात ह्यूस्टनमध्ये लोक गॅरेजात गाडी चालू ठेवून नि घरात कोळशाच्या शेगड्या पेटवून कार्बन मोनॉक्साइडने गेले, हे विसरू नका. मी राहायला जाताना त्या वायूचा अलार्म नवा बसवला होता, ते अलार्म पाच-सात वर्षांत बाद होतात. तेव्हा डब्यात, अंगणात वगैरे जपून बोला.

मावशी_डॅलस
तुला बोलले नाही रे बाबा. वहिनीने तीनदा विचारलं म्हणतोस ना, मग माझं म्हणणं तेवढंच होतं. विचारावं.

वाचनवेडा_ऑस्टिन
सगळे भावनेत वाहून गेले. कॅटरिना वादळानंतरचे फेमाचे, म्हणजे सरकारी आपत्ती खात्याचे, ट्रेलर विसरलात? सरकारी आरोग्य संस्था सीडीसीने 519 तपासले, फॉर्मल्डिहाइडची (प्लाय-गोंदातून सुटणाऱ्या वायूची) सरासरी 77 पीपीबी, म्हणजे अब्जात 77 भाग, निघाली, लोकांना दमा, नाकातून रक्त. उष्णता आणि दमटपणा वाढला की ते अजून सुटतं, म्हणजे आपलाच ह्यूस्टन. नंतर सरकारने तेच ट्रेलर 'राहण्यासाठी नाहीत' असे स्टिकर लावून लिलावात विकले. असले स्वस्तात फिरत असतात.

प्लंबर_नाही_पण
ते बरोबर, पण फॉर्मल्डिहाइड सगळ्यात जास्त नव्या ट्रेलरमध्ये असतं, वर्षं गेली की कमी होतं. म्हणजे 2013 चा ट्रेलर त्या बाबतीत नव्यापेक्षा बरा म्हणावा लागेल. फेमाचा निघाला तर मात्र हात लावू नका.

वाचनवेडा_ऑस्टिन
जुना तेवढ्यापुरता बरा, मान्य. खिडक्या उघड्या ठेवा.

कडूलिंब
इन्शुरन्सचं पण बघा. साध्या पॉलिसीत सुट्टीचा वापर धरतात, आत कायम कुणी राहत असेल तर फुल-टायमरची वेगळी लागते. आणि एचओएचं लेखी!

शुगरलँडकर
ठीक आहे. बोर्डाला ईमेल केला, 'नाही' आलं, कडूलिंबांना आनंद होईल. दुसरी सोय म्हणजे रोझेनबर्गला मित्राची दोन एकर जागा आहे, तिथे वीज आणि सेप्टिक दोन्ही आहे.

आणि काल मेहुण्याला विचारलं. खरं सांगतो, आतापर्यंत विचारलंच नव्हतं, बायको आणि मीच ठरवत होतो. तो म्हणाला, महिनाभर मुलींच्या खोलीशेजारी राहतो, ऑफिस रात्री माझं, दिवसा तुमचं. महिन्याने ट्रेलरचं बघू, पण मला न दाखवता घेऊ नका. तरी शनिवारी बघून तर येतो.

अनु_ह्यूस्टन
मी येते. मॉइश्चर मीटर, ओल मोजायचं यंत्र, आहे माझ्याकडे, तेव्हापासून ठेवलाय. टायरवर DOT लिहिलेल्या खुणेतले शेवटचे चार आकडे बघून ठेवा, आठवडा आणि वर्ष असतं, सहा वर्षांच्या वर असेल तर टायरचे पैसे वेगळे धरा. टायटल (मालकीचा कागद) आणि व्हीआयएन (ट्रेलरवरचा ओळख क्रमांक) जुळवून घ्या. शिडी तुम्ही आणा. मेहुण्यालाही बरोबर घ्या, आणि विकणारा गादी उचलू देत नसेल तर तिथूनच मागे फिरू.